तहसीलच्या पायऱ्या चढायच्या आधी हा अर्ज द्या: पेन्शनच्या कामात दिव्यांग माणसाने सोय कशी मागायची

आमच्या दादाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. व्हीलचेअरवर असतो, हात खांद्याच्या वर जात नाहीत, मान फार वेळ सावरता येत नाही. काही वर्षांपूर्वी त्याच्या संजय गांधीच्या पेन्शनसाठी (संजय गांधी निराधार योजना, राज्य सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत) निरोप आला की लाभार्थीने स्वतः हजर राहून अंगठा द्यायचा. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेवटी दोन चुलतभावांनी त्याला लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट एकोणीस पायऱ्या वर नेलं, मी मागून त्याची मान धरून चालत होते. वळणावर खुर्चीचा पाय कठड्याला लागला तेव्हा दादाने डोळे मिटले ते वर जाईपर्यंत उघडलेच नाहीत. वर गेल्यावर कळलं साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. मग परत तसंच खाली.

त्या रात्री मी अर्ध्या पानाचा एक अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी दादाला घरीच ठेवलं, एकटी गेले, अर्ज आवक टेबलला दिला, पोच घेतली. तिसऱ्या दिवशी फोन आला, तुम्ही खाली पार्किंगमध्ये थांबा, आमचा माणूस येतो. एक क्लार्क रजिस्टर आणि मशीन घेऊन खाली आला, दादा रिक्षातच बसलेला, तिथेच अंगठा घेतला, सही घेतली, अकरा मिनिटांत काम झालं. आदल्या वेळी आम्ही तोंडी विनवण्या केल्या होत्या आणि या वेळी कागद होता, एवढाच फरक. तेव्हापासून मी आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच जणांना असे अर्ज लिहून दिलेत, त्यातून जे शिकले ते सगळं इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सोय मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात कलम २ मध्ये रिझनेबल अकोमोडेशनची, म्हणजे वाजवी सोयीची, व्याख्या आहे, साध्या मराठीत सांगायचं तर दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखाच आपला हक्क वापरता यावा म्हणून कामाच्या पद्धतीत जो आवश्यक आणि योग्य बदल करावा लागतो तो, फक्त त्या बदलाचा समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. आणि त्याच कलमात भेदभावाची व्याख्या आहे, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की अशी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच. क्लार्कने खाली येऊन अंगठा घेणं हा काही अवाजवी बोजा नाही, त्याला ना बजेट लागतं ना जीआर. तुमची मागणी जितकी लहान, जितकी नेमकी, तितकं तिला नाही म्हणणं अवघड जातं.

दुसरं म्हणजे टक्क्यांचा घोळ. संजय गांधी निराधार योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे लोकांना वाटतं की सोयसुद्धा ४० टक्क्यांवरच मिळते, आणि ऑफिसमध्येही तेच सांगतात. तसं नाहीये. ४० टक्क्यांची अट लाभासाठी आहे. सोय मिळायला कायद्याच्या व्याख्येतली दिव्यांग व्यक्ती असणं पुरेसं आहे आणि त्या व्याख्येत टक्केच नाहीत. सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हेच सांगितलं, त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा, ४० टक्क्यांचा कागद नव्हता, तरी त्याला परीक्षेला लेखनिक मिळाला पाहिजे असं कोर्ट म्हणालं. म्हणजे तुमची केस प्रमाणपत्राच्या रांगेत अडकलेली असली, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून आलेलं नसलं, तरी तोपर्यंत डॉक्टरच्या साध्या कागदावर सोय मागा.

ज्यांचं दिव्यांगत्व वरून दिसत नाही त्यांनी तर जरूर मागा. या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, पार्किन्सन्स, मानसिक आजार, ऑटिझम हे सगळं येतं. गडचिरोली नंदुरबारकडे सिकलसेलचे किती पेशंट आहेत सगळ्यांना माहितीय. सिकलसेलच्या माणसाला उन्हात दोन तास रांगेत उभं केलं तर त्याचं अंग किती दुखायला लागेल हे रांगेतल्या बाकीच्यांना दिसत नाही, त्यामुळे तो पुढे गेला की लोक ओरडतात. तिथे हातात कागद असला की वाद होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घरी शांत बसा आणि मागच्या वेळी ऑफिसमध्ये नेमकं कुठे अडलं ते आठवा. "मी दिव्यांग आहे, सहकार्य करावे" असं लिहून काहीच होत नाही, कारण वाचणाऱ्याला कळत नाही की त्याने करायचं काय. प्रत्येक अडचणीसमोर एक कृती लिहायची. चालता येत नसेल तर काम तळमजल्यावर करावं, किंवा क्लार्कने खाली यावं, किंवा ठरलेली वेळ द्यावी म्हणजे रिक्षा तासभर थांबवून ठेवावी लागणार नाही. ऑफिसला येणं शक्यच नसेल, अंथरुणाला खिळलेला माणूस असेल, तर तलाठ्याने घरी येऊन पडताळणी करावी असं लिहा. यात तलाठ्याला नवीन काहीच नाही, गावात पंचनाम्याला तो घरोघर फिरतोच.

ऐकू येत नसेल तर वेगळं. नंबर पुकारतात, हा माणूस समोर बसून राहतो आणि त्याचा नंबर निघून जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एक तरुण मुलगा सकाळी दहापासून बाकावर बसलेला आणि तीन वाजता त्याला सांगितलं तुमचं नाव दोनदा घेतलं की. तर मागायचं असं की माझा नंबर आला की हाताने खूण करावी किंवा चिठ्ठीवर लिहून दाखवावं, फोन न करता एसएमएस किंवा व्हॉट्सअॅप करावा, आणि काय कमी आहे ते तोंडी न सांगता लिहून द्यावं. त्रुटी लिहून मागण्याचा फायदा तर ऐकू येणाऱ्यांनाही आहे खरं म्हणजे, एकदा लिहून दिलं की दर वेळी नवीन कागद निघत नाही. सुनावणी असेल, मोठं काही ठरायचं असेल तर साइन लँग्वेजचा दुभाषी मागा, आणि तो शोधायला वेळ लागतो म्हणून किमान पंधरा दिवस आधी मागा. जवळच्या मूकबधिर शाळेतले शिक्षक बऱ्याचदा मदत करतात, अर्जात त्या शाळेचं नाव सुचवलं तर ऑफिसलाही सोपं जातं.

दिसत नसेल तर सगळ्यात महत्त्वाची मागणी एकच, अंगठा किंवा सही घ्यायच्या आधी कागद पूर्ण वाचून दाखवा. आमच्या शेजारच्या मावशी पूर्ण दृष्टिहीन आहेत. एकदा त्यांच्यासमोर कागद सरकवला, बोट धरून शाई लावली आणि अंगठा घेतला, काय होतं विचारलं तर "रूटीन आहे आजी". नंतर कळलं ते अर्ज मागे घेत असल्याचं पत्र होतं, कुणीतरी चुकून वेगळा नमुना काढलेला. चूकच होती, कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण ती चूक निस्तरायला मावशींचे सात महिने गेले. आता मावशी शाईचं पॅड पुढे आलं की हात मागे घेतात आणि म्हणतात, आधी वाच बाळा. शिवाय ज्यांना सही येते त्या दृष्टिहीन लोकांनाही अंगठाच द्या म्हणतात, तसं करायची गरज नाही, सही येत असेल तर सहीच करा.

बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम किंवा मानसिक आजार असेल तर गर्दी नसताना बोलवावं, सकाळची पहिली वेळ द्यावी, सोबतच्या माणसाला शेजारी बसू द्यावं, प्रश्न साध्या शब्दांत एकेक करून विचारावा, उत्तराला वेळ द्यावा, एवढं लिहा. आणि लाभार्थी सज्ञान असेल तर त्याच्याशी बोला, फक्त माझ्याशी नको, हे आईवडिलांनी स्वतः सांगितलं तर फार बरं. कलम १३ प्रमाणे दिव्यांग माणसाला कायद्यापुढे बाकीच्यांइतकाच दर्जा आहे, त्यामुळे प्रत्येक कामाला "पालकत्वाचा दाखला आणा" हे बरोबर नाही. दाखला कशासाठी हवा आणि कोणत्या नियमाने, हे लेखी विचारा.

अर्ज कसा लिहायचा ते खाली देतेय. सरकारी मराठीतच लिहा, टेबलवरच्या माणसाला ती भाषा ओळखीची असते, वाचून लगेच कळतं हे कुठल्या फाईलला लावायचं. एका पानाच्या वर जाऊ नका.

प्रति,
मा. तहसीलदार (संजय गांधी योजना शाखा),
तहसील कार्यालय, (तालुक्याचे नाव)

विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार वाजवी सोय मिळणेबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार (पूर्ण नाव, गाव), संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभार्थी असून माझा लाभार्थी क्रमांक ( ) आहे. मला ( ) स्वरूपाचे दिव्यांगत्व असल्याने मी जिना चढू शकत नाही. आपल्या शाखेने दि. ( ) रोजी पडताळणीसाठी समक्ष बोलावले आहे. शाखा पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. तरी माझी पडताळणी तळमजल्यावर किंवा वाहनाजवळ करण्यात यावी आणि त्यासाठी ठरावीक वेळ कळवावी. ते शक्य नसल्यास घरी येऊन पडताळणी करण्यात यावी.
उक्त अधिनियमाच्या कलम २ व ३ नुसार अशी सोय मिळणे हा माझा हक्क आहे. सोय देणे शक्य नसल्यास त्याची कारणे मला लेखी कळवावीत ही विनंती. तसेच या अर्जावर निर्णय होईपर्यंत गैरहजेरीच्या कारणाने माझे अनुदान बंद करू नये.

सोबत: दिव्यांग प्रमाणपत्राची छायांकित प्रत, आधारची प्रत.
आपला विश्वासू, सही, मोबाईल नंबर, दिनांक.

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर खरा भार आहे. "कारणे लेखी कळवा" म्हटलं की बरेचदा नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं वाटतं, कारण नकार लिहायचा तर खाली कुणाला तरी सही करावी लागते. आणि अनुदान बंद करू नये हे वाक्य नसेल तर असं होतं की इकडे अर्ज पडून आणि तिकडे यादीत तुमच्यासमोर "गैरहजर" शेरा, मग पुढच्या महिन्यात खात्यात पैसे नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २५०० रुपये मिळायला लागले, त्याआधी १५०० होते. ज्या घरात गोळ्यांचा खर्च यातून भागतो तिथे एक महिना चुकला तरी उधारी होते.

आता अर्ज कुठे द्यायचा, यावर जरा थांबून सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. सरळ संजय गांधीच्या टेबलवर नेऊन देऊ नका. टेबलवरचा माणूस चांगला असतो, म्हणतो ठेवून जा ताई, बघतो मी, आणि मग त्याची बदली होते. अर्ज आवक-जावक शाखेत, जिला जुने लोक बारनिशी म्हणतात, तिथे द्यायचा. दोन प्रती न्यायच्या. एक ते ठेवतात, दुसरीवर गोल किंवा चौकोनी शिक्का मारतात, शिक्क्यात तारीख असते, आणि हाताने आवक क्रमांक लिहितात. तो क्रमांक लिहिलाय का तिथेच उभं राहून बघा. नुसता शिक्का आणि नंबर नाही असं झालं तर नम्रपणे म्हणा, भाऊसाहेब नंबर टाकून द्या ना, परत यायला लागू नये म्हणून. घरी आल्यावर त्या प्रतीचा फोटो काढा आणि घरातल्या दोघातिघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, कारण शिक्क्याची शाई पुसट होते आणि पावसाळ्यात कागद भिजतो.

कुणी म्हणेल असा नमुनाच नाही आमच्याकडे. नमुना लागत नाही, साधा कागद चालतो. कुणी म्हणेल आधी साहेबांना भेटा. भेटा, पण पोच घेऊन मग भेटा. अजिबातच घेत नसतील तर पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, ती पावतीसुद्धा पुरावा म्हणून चालते. ऑफिसचा ईमेल असेल तर त्यावरही पाठवा, पण फक्त ईमेलवर विसंबू नका.

एक मनापासून सांगायचंय. क्लार्कशी भांडू नका. एका टेबलवर शेकडो फाईली असतात, मशीन बंद पडतं, वरून यादी मागतात, आणि बऱ्याचदा त्या माणसाला हा कायदा कुणी सांगितलेलाच नसतो. मी स्वतः एकदा आवाज चढवला होता आणि त्याचा त्रास पुढे दादाला झाला, त्याची फाईल चार महिने पुढे सरकली नाही. तेव्हापासून मी जाताना कायद्याच्या त्या दोन कलमांची झेरॉक्स नेते आणि म्हणते भाऊसाहेब हे तुमच्या फाईलला लावून ठेवा, साहेबांनी विचारलं तर तुम्हालाच उपयोगी पडेल. हे खरंच उपयोगी पडतं, कारण त्यालाही वरच्याला दाखवायला काहीतरी आधार हवा असतो.

ठरलेल्या दिवशी जाताना सोबत एक माणूस न्या, पोचेची प्रत न्या, पाणी आणि गोळ्या न्या. व्हीलचेअर असेल आणि रॅम्प आहे असं सांगितलं असेल तरी आधी कुणाला तरी पाठवून तो बघून घ्या. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. बऱ्याच ठिकाणी तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून ठेवलंय आणि त्याला रॅम्प म्हणतात, त्यावरून खुर्ची मागे उलटते. असा रॅम्प दिसला की फोटो काढून ठेवा. सरकारी इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या असं कायद्यात आहे, त्यासाठीचे नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मूळ मुदत २०२२ लाच झाली. राजीव रतुरी, स्वतः दृष्टिहीन, २००५ पासून कोर्टात लढत होते, त्यांच्या केसमध्ये ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम म्हणजे नुसत्या सूचना ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक केले पाहिजेत. तुमच्या अर्जात एवढं सगळं लिहायची गरज नाही, पण इमारत जुनी आहे, काय करणार, असं कुणी म्हणालं तर हे माहीत असलेलं बरं. आणि इमारत सुधारेपर्यंत तुमचं काम थांबवायचं काहीच कारण नाही, टेबल खाली आणता येतं.

मशीनचं सांगते. अंगठा लागत नाही ही सगळ्यांचीच तक्रार, वयस्कर लोकांची, कष्टाची कामं करणाऱ्यांची, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची, ज्यांना बोटंच नाहीत त्यांची. "सिस्टमला थंब लागतो, आम्ही काय करणार" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. आधारमध्ये बोटांशिवाय डोळ्याची बुबुळं, चेहरा आणि मोबाईलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत, त्यातला जो तुम्हाला जमतो तो अर्जात नाव घेऊन मागा. हात किंवा बोटं नसतील तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक एक्सेप्शन म्हणून नोंद होते, ती झालीय का हे आधी बघून घ्या. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असू द्या आणि तो नंबर घरातच असू द्या, शेजारच्या मुलाचा नको, तो पुण्याला कामाला गेला की ओटीपी पण पुण्याला जातो.

चेहरा स्कॅन करताना डोळ्यांची उघडझाप करा असं अॅप सांगतं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी प्रज्ञा प्रसून यांची केस लक्षात ठेवा. अॅसिड हल्ल्यामुळे त्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती आणि त्यामुळे बँकेचं केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याचं काम, अडलं. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि उघडझापीला दुसरा पर्याय ठेवला पाहिजे. दृष्टिहीन लोकांनाही हे लागू पडतं, कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा नेमका आणणं त्यांना कसं जमणार.

पैसे डीबीटीने येतात, म्हणजे आधारला शेवटचं जे बँक खातं जोडलंय त्यात. पैसे आले नाहीत म्हणून तहसीलला चकरा मारायच्या आधी तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात गेलेत का ते बघा, असं फार वेळा होतं. बँकेतही सोय मागता येते. ७० वर्षांवरचे आणि दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेले खातेदार यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. आणि हाताचा अंगठाही उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे ब्रँचमध्ये नवीन आलेल्या मुलांना माहीत नसतं, मॅनेजरला माहीत असतं, थेट त्यांच्याकडे जा.

उत्पन्नाचा, रहिवासी असे दाखले आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या काढता येतात, त्यासाठी सेतूची रांग नको. हे दाखले लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली येतात, मुदतीत मिळाले नाहीत तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं आणि त्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे.

अर्ज देऊनही काही झालं नाही तर? पंधरा दिवस थांबा, मग जुन्या पोचेची झेरॉक्स लावून एक स्मरणपत्र द्या. तरी काही नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. प्रश्न एकच विचारा: माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्या. हा प्रश्न गेला की फाईल शोधली जाते, आणि माझ्या अनुभवात निम्मी कामं इथेच होतात. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, माहिती अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायला मदत करायची असते, हे त्या कायद्याच्या कलम ६ मध्येच आहे, आणि दृष्टिहीन वगैरे असाल तर माहिती समजून घ्यायला मदत करणं हेही त्याचंच काम.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे. साध्या कागदावर तक्रार करता येते, पोस्टाने चालते, वकील लागत नाही. आयुक्तांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित ऑफिसने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि मानत नसतील तर का नाही तेही तुम्हाला सांगावं लागतं. तक्रारीला पोच लावा, स्मरणपत्र लावा, फोटो लावा, आणि घटना तारखेनुसार लिहा, भावना शेवटी एका परिच्छेदात. गोव्यात राहणाऱ्यांना तिथल्या पेन्शनसाठी, म्हणजे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी, हाच २०१६ चा कायदा लागू आहे, तिथेही राज्य आयुक्त आहेत.

वकिलाची गरज पडलीच तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, दिव्यांग माणसाला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. जिल्ह्याला लोकशाही दिन पहिल्या सोमवारी असतो, कलेक्टरांच्या समोर विषय मांडता येतो, तिथेही तालुक्याच्या पोचा घेऊन जा, त्याशिवाय ते आधी तालुक्याला जा असं सांगतात.

आणि ऑफिसमध्ये चारचौघांत कुणी दिव्यांगत्वावरून मुद्दाम अपमान केला, लंगडा बहिरा असं काही बोललं, तर ते कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. हे कलम मी आजवर एकदाच वापरायला सांगितलं कुणाला, ऊठसूट वापरायचं नाही, पण तसा प्रसंग आलाच तर त्याच क्षणी आजूबाजूच्या दोघांची नावं आणि नंबर घेऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी कुणी साक्षीला येत नाही.

सगळे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्यात वर यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स, मग प्रमाणपत्र, मग पोचा तारखेप्रमाणे, नवीन वर. आमच्या फोल्डरवर दादाने स्वतः स्केचपेनने नाव लिहिलंय, अक्षर हललेलं आहे पण लांबून ओळखू येतं. दर वर्षी पडताळणीच्या आधी महिनाभर मी त्यातला मागच्या वर्षीचा अर्ज काढते, तारीख बदलते, दादा सही करतो, आणि आवक टेबलला देऊन येते.